गेलेल्या मुलाचा वाढदिवस: कोरियन चित्रपट 'सेंगइल'

थोरामोठ्यांची जयंतीही साजरी होते आणि पुण्यतिथीही. सामान्य घरात मात्र माणूस गेला की त्याचा वाढदिवस मुकाट्याने नाहीसा होतो आणि मागे उरते ती श्राद्धाची तिथी. कोरियातही पूर्वजांचा विधी मृत्यूच्या दिवशी करण्याची प्रथा आहे. त्यामुळे ली जाँग-उन या दिग्दर्शिकेने २०१९ साली आपल्या पहिल्याच पूर्ण लांबीच्या चित्रपटाला 'सेंगइल', म्हणजे 'वाढदिवस', असे नाव दिले, त्यातच चित्रपटातला पेच सापडतो. ज्याचे वय आता वाढणार नाही, त्याचा वाढदिवस करायचा की नाही, आणि करायचा तर कुणासोबत, एवढ्या एका प्रश्नावर दोन तासांचा हा चित्रपट उभा आहे.

१६ एप्रिल २०१४ रोजी इंचॉनहून जेजू बेटाकडे निघालेले 'सेवोल' हे प्रवासी जहाज कलंडून बुडाले. जहाजावरच्या ४७६ जणांपैकी ३०४ जण मृत किंवा बेपत्ता झाले आणि त्यातले २५० जण आन्सान शहरातल्या दानवॉन हायस्कूलचे, सहलीला निघालेले विद्यार्थी होते. 'जागचे हलू नका' ही सूचना ध्वनिक्षेपकावरून वारंवार दिली गेली आणि जहाजाचा कप्तान स्वतः मात्र प्रवाशांच्या आधीच बाहेर पडला, ही गोष्ट त्या देशाला आजही विसरता आलेली नाही. या प्रकरणाचे राजकारण झाले, खटले झाले, पिवळ्या फिती लावून मोर्चे निघाले. दिग्दर्शिकेने यातले जवळजवळ काहीच पडद्यावर आणलेले नाही. बुडणारे जहाज नाही, बातम्यांची चित्रफीत नाही, ढोबळ खलनायकही नाही.

आहे ते आन्सानमधले एक लहानसे घर. मुलगा सू-हो या दुर्घटनेत गेला तेव्हा परदेशात असलेला बाप जुंग-इल दोन-अडीच वर्षांनी परत येतो, तेव्हा बायको सून-नाम त्याला दारातही उभे करून घ्यायला तयार नसते आणि धाकटी ये-सोल त्याला नीट ओळखतही नाही. सून-नाम सुपरमार्केटात काम करते, गेलेल्या मुलासाठी नवे कपडे विकत आणते, त्याची खोली होती तशीच ठेवते. दारातला आपोआप लागणारा दिवा माणूस नसतानाही अधूनमधून पेटतो आणि ती थबकून त्याच्याकडे पाहत राहते. हा दिवा म्हणजे बिघडलेले यंत्र आहे, हे तिलाही ठाऊक आहे आणि आपल्यालाही. तरी प्रत्येक वेळी आपण तिच्याबरोबर दाराकडे पाहतो. दहाव्याच्या दिवशी पिंडाला कावळा शिवेपर्यंत ताटकळत उभे राहिलेल्या कुणालाही तिची ही नजर समजावून सांगावी लागणार नाही.

लहानग्या ये-सोलचे दुःख तर कुणी विचारातच घेतलेले नाही, आणि पटकथेचे मोठे यश मला इथेच दिसले. समुद्रकाठच्या चिखलात बाकीची मुले बागडत असताना ती पाय टाकायला तयार होत नाही. तेवढ्या एका नकारात ते घर काय सोसते आहे ते कळते. तसाच प्रसंग पासपोर्टचा. मुलाच्या पासपोर्टवर एकही शिक्का नाही, म्हणून बाप तो घेऊन विमानतळावर जातो आणि एक शिक्का मारून द्या, अशी अधिकाऱ्याला गळ घालतो. बापाची भूमिका करणाऱ्या सोल क्युंग-गूने हा प्रसंग आवाज जवळजवळ न चढवता केला आहे.

जॉन दो-यॉनची सून-नाम मात्र आवाज चढवते. मुलगा गमावलेल्या आईच्याच भूमिकेसाठी तिला २००७ साली कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला होता, त्यामुळे ती स्वतःचीच पुनरावृत्ती करील अशी मला धास्ती होती. तसे झालेले नाही. इथली आई कुणाशीही दुःख वाटून घ्यायला तयार नाही. इतर पालकांनी एकत्र येणेसुद्धा तिला मुलाशी केलेली प्रतारणा वाटते. रात्री तिने फोडलेला हंबरडा भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडापर्यंत पोहोचतो, आणि सहानुभूती असलेल्या शेजाऱ्यांनाही दुसऱ्याच्या शोकाचा कंटाळा येतो, हे अप्रिय सत्य दिग्दर्शिका लपवत नाही.

शेवटी वाढदिवस होतो. आन्सानमध्ये शोकग्रस्त कुटुंबांसाठी चालणाऱ्या केंद्रात दिग्दर्शिकेने स्वयंसेवक म्हणून काम केले होते आणि असे वाढदिवस तिने जवळून पाहिले होते. सुमारे अर्ध्या तासाचा हा प्रसंग सलग चित्रित केलेला आहे. एका खोलीत आप्त, शेजारी आणि मित्रमैत्रिणी दाटीवाटीने बसतात, मुलाची छायाचित्रे पाहतात, आपापल्या आठवणी सांगतात, मुलाच्याच तोंडी घातलेली एक कविता वाचली जाते. कुणी हसते, त्या हसण्याची कुणाला लाज वाटत नाही. आईला प्रथमच कळते की, आपल्याला माहीत नसलेला सू-हो या सगळ्यांकडे थोडा थोडा शिल्लक आहे. रडवण्यासाठी रचलेला प्रसंग म्हणून याला नावे ठेवणारे भेटतील. मला तो रडवा वाटला नाही, कारण आधीच्या दीड तासात दिग्दर्शिकेने आपल्याला रडण्याची सवलत फारशी दिलेलीच नव्हती.

तक्रारी दोन आहेत. बाप इतकी वर्षे का आला नाही, हे पटकथा उगाचच दडवून ठेवते. रहस्यकथेला शोभणारी ही युक्ती इथे उपरी वाटते आणि पूर्वार्ध त्यामुळे रेंगाळतो. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. ज्यांच्या हलगर्जीपणामुळे ही मुले गेली, त्या व्यवस्थेचा उल्लेख इतका पुसट आहे की, घटना माहीत नसलेल्या प्रेक्षकाला हा निव्वळ अपघात वाटू शकतो. पालकांचा राग भरपाईच्या पैशांवरील बोलण्यातून जेमतेम डोकावतो. दिग्दर्शिकेचा संयम मला मान्य आहे, परंतु त्या रागाला आणखी दोन-चार वाक्यांची जागा मिळाली असती तर शोक हलका झाला नसता.

मराठी प्रेक्षकाने पाहण्यापूर्वी सेवोल दुर्घटनेविषयी पाच मिनिटे वाचून घ्यावे, आणि चित्रपट मोबाईलवर तुकड्यातुकड्यांनी पाहू नये. निदान शेवटचा अर्धा तास तरी मध्ये न थांबवता पाहावा, कारण त्या खोलीत बसलेल्यांपैकीही कुणी मध्येच उठून जात नाही.