लुआंग प्रबांगमध्ये माग शिकायचा तर

लाओसमधल्या लुआंग प्रबांगला बहुतेक जण दोन दिवस देतात. धबधबा, मठ, रात्रीचा बाजार, की निघाले. हातमाग शिकायचा असेल तर निदान चार दिवस ठेवा. इथे कला शिकायला 'ऑक पॉप टोक' आहे आणि आपला थोडा वेळ गावाला द्यायला 'बिग ब्रदर माउस'. दोन्ही एकाच मुक्कामात सहज जमतं.

ऑक पॉप टोक म्हणजे 'पूर्व-पश्चिम भेट'. २००० साली सुरू झालेल्या या संस्थेचं केंद्र गावाबाहेर, मेकाँगच्या काठावर आहे. रंगकामाचा वर्ग अर्ध्या दिवसाचा, विणकामाचा एक दिवसाचा किंवा तीन दिवसांचा. आधी रंगकाम करा, मग मागावर बसा. लडी हाताखालून गेली की तोच धागा मागावर ओळखीचा वाटतो.

रंगाची सामग्री मराठी माणसाला परकी नाही: नीळ, लाख, हळद, शेंद्रीच्या बिया, पतंगाचं लाकूड. पतंगाला तुरटी दिली की लाल येतो, लोखंड दिलं की जांभळट. रेशमाची लडी आधी पाण्यात पूर्ण भिजवावी आणि तिचे बंद सैल ठेवावेत. घट्ट बांधलेल्या जागी रंग शिरत नाही, पांढरे पट्टे राहतात. निळीत लडी हळूच बुडवायची, खळबळवायची नाही, कारण हवा मिसळली की निळीची ताकद जाते. बाहेर काढल्यावर हिरवट-पिवळा दिसणारा धागा हवेत निळा होत जातो. तो पूर्ण निळा झाल्यावरच पुन्हा बुडवा.

खरी मेहनत मागावर. लाओ मागावर नक्षी लांब उभ्या दोऱ्यांच्या जाळ्यात साठवलेली असते आणि प्रत्येक ओळीसाठी त्यात एक आडवा दोरा किंवा बांबूची काडी असते. काडी ओढायची, त्या ओळीचे ताण्याचे, म्हणजे उभे, धागे वेगळे करायचे, रंगीत जादा धागा भरायचा, मग साध्या विणीची ओळ टाकून फणी ठोकायची. झालेली काडी वरून खाली लावायची. अर्धी नक्षी झाली की त्याच काड्या उलट्या क्रमाने येतात आणि उरलेला अर्धा भाग आरशातल्यासारखा उमटतो. पैठणीच्या पदरात नक्षीचा रंगीत धागा हाच त्या जागेचा बाणा, म्हणजे आडवा धागा, असतो. इथल्या 'चोक' विणीत साधं कापड चालूच असतं आणि नक्षी त्यावर बोटांनी भरतात. जादा बाण्यामुळे ही वीण औरंगाबादच्या हिमरू कापडाला जास्त जवळची.

नवख्याच्या दोन चुका ठरलेल्या. बाणा ताणून ओढला की कापडाच्या कडा आत खेचल्या जातात, म्हणून ठोकण्याआधी धागा थोडा तिरका, सैल सोडा. दुसरी चूक म्हणजे काडी चुकणं. ती दोन-तीन ओळींनंतरच दिसते आणि तिथपर्यंत सगळं उसवावं लागतं. दिवसभरात ताटाखाली घालण्याएवढा तुकडा होतो, त्याहून मोठ्या कापडाची अपेक्षा नको. एकच वर्ग परवडणार असेल तर विणकामाचाच घ्या. वेळ असेल तर तीन दिवसांचा सर्वात मोलाचा, कारण हाताला लय दुसऱ्या दिवशी सापडते.

बिग ब्रदर माउस लाओ भाषेत मुलांची पुस्तकं काढतं. तिथे स्थानिक तरुण इंग्रजी बोलण्याचा सराव करायला येतात आणि प्रवाशांनी फक्त त्यांच्याशी गप्पा मारायच्या. सत्रं सकाळी ९ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ७, तरी वेळ जाण्याआधी पडताळा. मागाच्या दिवशी संध्याकाळचं सत्र सोयीचं. छोटी वाक्यं बोला, समोरच्याला विचार करायला वेळ द्या, प्रत्येक चूक दुरुस्त करत बसू नका. घरच्यांचे, सणांचे फोटो जवळ ठेवा, बोलणं आपोआप फुलतं. भगवी वस्त्रं घातलेले श्रामणेर, म्हणजे शिकाऊ बौद्ध भिक्खूही येतात; स्त्रियांनी त्यांना स्पर्श करू नये, वस्तूही थेट हातात देऊ नये. खेड्यात जाणार असाल तर मुलांना चॉकलेट नको, इथली पुस्तकं न्या.

भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, पण पर्यटक व्हिसावर शाळेत नियमित शिकवण्याचं काम घेऊ नका.

रात्रीच्या बाजारात 'हातमागाचं रेशीम' घेताना सुटा धागा मागा आणि बाजूला नेऊन जाळून पाहा. केस जळल्याचा वास आणि चुरगळणारी राख म्हणजे रेशीम. वितळून टणक मणी झाला तर पॉलिस्टर.