पाच युरो आणि कोंबडीचा सांगाडा

आजच्या फ्रेंच साहित्यातली हिंसा वाचायची आहे, इंग्रजी अनुवाद चालेल. मग एदुआर लुई आधी घ्यावा की लेइला स्लिमानी? माझा उलट प्रश्न असतो: तुम्हाला आरोपीचं नाव लागतं का?

लुईच्या 'हू किल्ड माय फादर'मध्ये (मूळ फ्रेंच, 2018) ते मिळतं. पुस्तक छोटं, एका बैठकीत होणारं, सगळं स्वतःच्या बापाला उद्देशून. बाप उत्तर फ्रान्समधला कारखाना कामगार. कामावर वजन अंगावर पडून पाठ गेली. पन्नाशी ओलांडली नाही तोच धड चालवत नाही, रात्री श्वासाला यंत्र लागतं. लुई एकेका सरकारला नावानिशी उभं करतो: राष्ट्राध्यक्ष शिराकच्या काळात औषधांचे पैसे मिळणं थांबलं, सार्कोझीच्या काळात भत्त्याचे नियम बदलले आणि त्याच पाठीनं रस्ते झाडावे लागले, 2017मध्ये माक्राँ सरकारनं घरभाड्याच्या मदतीतून महिन्याला पाच युरो कापले. पण हा बाप बिचारा नाही. मुलगा पाहुण्यांसमोर गायिकेची नक्कल करत नाचतो, आणि बाप मुद्दाम बघत नाही. आत्मकथनांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हा सूर परका वाटणार नाही.

स्लिमानीच्या 'ललबाय'मध्ये (मूळ 2016, त्याच वर्षी गाँकूर हा फ्रान्समधला मानाचा साहित्य पुरस्कार) पहिल्याच वाक्यात बाळ मेलेलं असतं. मारणारी कोण, तेही लगेच कळतं: मुलं सांभाळणारी लुईझ. का मारलं, ते शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. मालकीण मिरियम उत्तर आफ्रिकी वंशाची वकील, नोकर गोरी. नेहमीचा हिशेब इथे उलटा. मेलेल्या नवऱ्याचं कर्ज लुईझच्या डोक्यावर. एकदा मिरियम तारीख उलटलेली कोंबडी कचऱ्यात टाकते. संध्याकाळी घरी येते तर टेबलावर त्याच कोंबडीचा सांगाडा, हाडाला मांसाचा कण नाही. लुईझनं ती मुलांना खाऊ घातलेली असते. वर्गभेदावरचं भाषण नाही, काही नाही, नुसती हाडं.

मी स्लिमानी आधी वाचायला सांगेन. लुईचं आरोपपत्र पटतं, आणि पटलं की पुस्तक मिटतं. कोंबडी मिटत नाही. खोट स्लिमानीच्या पुस्तकातही आहे: शेवटाकडे लुईझचं मन इतकं ढासळतं की 'वेडीच होती' म्हणून वाचक सुटू शकतो. लुई ती पळवाट ठेवत नाही.

घरात तान्हं मूल आणि दिवसभर सांभाळायला बाई असेल, तर मात्र तूर्तास लुईच घ्या.