हाड जुळेपर्यंत कुत्र्याचे मन कशात गुंतवावे: हुंगण्यात, चाटण्यात की शिकण्यात?

पाय मोडून प्लेट बसवलेल्या किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याला डॉक्टर साधारणपणे ६ ते ८ आठवडे, आणि एक्स-रेमध्ये हाड जुळलेले दिसत नसेल तर त्याहूनही अधिक काळ, धावू देत नाहीत. लघवी-शौचापुरते पट्ट्याला धरून अंगणात न्यायचे आणि परत आणायचे, एवढीच मोकळीक असते. खरी परीक्षा पहिल्या आठवड्यात नसते. दुखणे ओसरते, हाड मात्र कच्चेच राहते आणि कुत्र्याला ते कळत नाही, तेव्हा ती सुरू होते. परभणीला आमच्या वाघ्याच्या मागच्या पायात प्लेट बसवली, त्या दिवसांत आम्ही तीन मार्ग आलटूनपालटून वापरले. ते तोलताना माझे माप एकच आहे: खेळ संपल्यावर कुत्रा अंग टाकून झोपतो, की उठून दाराशी जातो?

हुंगण्याचे काम मी पहिल्या क्रमांकावर ठेवतो. कुत्र्याचे निम्मे जग नाकात असते आणि नाक चालवायला पाय लागत नाहीत. जुना टॉवेल चुण्या पाडून जमिनीवर पसरावा, त्या चुण्यांत ज्वारीच्या भाकरीचे हरभऱ्याएवढे वीस-पंचवीस तुकडे लपवावेत आणि टॉवेल आडव्या पडलेल्या कुत्र्याच्या थेट तोंडापुढे ठेवावा. पहिल्या दिवशी वाघ्याने टॉवेल पंजाने ओरबाडला आणि उठण्याचीही खटपट केली. दुसऱ्या दिवशी आम्ही तुकडे वरवर ठेवले, तेव्हा पंजा थांबला आणि नाक सुरू झाले. एखाद्या चुणीपाशी त्याच्या नाकपुड्या फुगायच्या, फुरफुर असा आवाज यायचा, मग जीभ अलगद आत जायची. दहा मिनिटांत तुकडे संपत आणि तो त्याच टॉवेलवर हनुवटी टेकून झोपे. मात्र दोन पथ्ये पाळावी लागतात. कापड चावून गिळणाऱ्या कुत्र्याला त्याच्यासोबत एकटे सोडू नये. आणि टॉवेलऐवजी बियाण्याची रिकामी पिशवी कधीही घेऊ नये, कारण कपाशी-सोयाबीनच्या बियाण्याला कीडनाशक किंवा बुरशीनाशक चोळलेले असते.

चाटणे आणि चघळणे कमी कष्टाचे आहे. खोलगट, जाड रबरी खेळण्यात दही-भात भरून गोठवला, तर कुत्रा बराच वेळ पडल्या जागी चाटत राहतो आणि चाटण्याने बहुतेक कुत्री शांत होतात. एप्रिल-मेच्या उन्हात हा गारवा वेगळा उपयोगी पडतो, फक्त भारनियमनाच्या वेळा पाहून डबा आदल्या रात्रीच बर्फाच्या कप्प्यात ठेवावा लागतो. सकाळी शेतावर किंवा दुकानावर जाणाऱ्या माणसाला हाच मार्ग सोयीचा आहे, पण ते खेळणे तुमच्यादेखत चार-सहा वेळा टिकलेले असावे. तोटा वजनाचा: हालचाल बंद असताना वाढलेला प्रत्येक किलो त्याच जखमी पायावर येतो, म्हणून भरलेला घास रोजच्या खाण्यातूनच वजा करावा. कांदा-लसूण पडलेले कालवण, शिजवलेली हाडे आणि मनुका आत घालू नयेत. शेंगदाण्याचे तयार लोणी घेतल्यास त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) नाही, हे डबीवर वाचून घ्यावे, कारण झायलिटॉल कुत्र्याला विषासारखे बाधते. गळ्यात नरसाळ्यासारखा कोन असेल, तर खेळणे त्याच्या कडेला अडते. कोन काढायचाच असेल तर समोर बसून राहावे, नाहीतर चाटायला सगळ्यात आवडती वस्तू टाक्यांची जागा ठरते.

शिकवण्याला माणूस लागतो, आणि तोही सबुरीचा. तळव्याला नाक लावणे, हातावर हनुवटी टेकवून थांबणे, हाक मारताच नजर देणे या गोष्टी पडल्या पडल्या शिकवता येतात आणि पुढे ड्रेसिंग करताना उपयोगी पडतात. तीन मिनिटांची एक अशा दिवसातून तीन-चार शिकवण्या पुरेत. ‘बस’, ‘ऊठ’, ‘शेकहँड’ मात्र बाजूला ठेवावेत, कारण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर वारंवार बसणे-उठणे हाच मुळी त्रास असतो. घरात लहान मुले असतील, तर ही शिकवणी त्यांच्यावर सोपवू नये. मुलांचा उत्साह कुत्र्याला उभे करतो.

बाजारात मिळणारी सरकत्या झाकणांची कोडी मला या काळात पटली नाहीत, कारण बहुतेक कुत्री ती पंजाने सोडवतात. पुढचा पाय जखमी असेल, तर ती नकोतच.

निवड अखेर जखमेवर आणि स्वभावावर ठरते. जबड्याला मार असेल तर चघळणे बाद होते. मानेच्या किंवा पाठीच्या मणक्याचे दुखणे असेल तर मान खाली घालायला लावणाऱ्या हुंगण्याआधी डॉक्टरांना विचारावे. गावठी कुत्र्याला हुंगणे सहसा पुरते. लातूरकडचा कारवान जातीचा शिकारी कुत्रा मात्र नजरेने शिकार हेरणारा: टॉवेल पुढे असूनही खिडकीतून खार दिसली की तो उसळतो, म्हणून त्याच्यासाठी आधी पडदा ओढावा आणि मगच टॉवेल पसरावा. इतके करूनही कुत्रा रात्रभर धापा टाकत असेल, विव्हळत असेल किंवा खाणे सोडत असेल, तर तो कंटाळा नसून वेदना असू शकते. अशा वेळी घरातली माणसांची वेदनाशामक गोळी न देता डॉक्टरांना फोन करावा. वेदना नसून केवळ अस्वस्थता असेल, तर कुत्र्याला शांत ठेवणारे औषधही ते काही दिवसांसाठी लिहून देऊ शकतात.