विझट्री : सॅम्पल लायब्ररींचा पसारा आवरताना

गेल्या महिन्यात माझ्या लॅपटॉपच्या ५१२ जीबीच्या डिस्कवर जेमतेम ९ जीबी जागा उरली होती आणि एका भक्तिगीताचा अंतरा ध्वनिमुद्रित होत असतानाच डिस्क भरत आल्याची सूचना पडद्यावर झळकली. कारण शोधायला लांब जावे लागले नाही. सवलतीच्या दिवसांत हौसेने घेतलेल्या आणि एकदोनदा वाजवून विसरलेल्या सॅम्पल लायब्ररींनी, म्हणजे संगणकावर वाजवता यावीत म्हणून मुद्रित केलेल्या खऱ्या वाद्यांच्या ध्वनिसंचांनी, निम्म्याहून अधिक डिस्क व्यापली होती. त्या हुडकून काढून टाकण्यासाठी मी विंडोजवरील विझट्री हा, डिस्कवर कशाने किती जागा व्यापली आहे ते दाखवणारा प्रोग्राम वापरला. वैयक्तिक वापरासाठी तो विनामूल्य आहे.

विझट्रीचा वेग हा त्याचा सर्वांत मोठा गुण. एरवी असे प्रोग्राम एकेक फोल्डर उघडून आतील फाइलींची बेरीज करत बसतात आणि लाखो बारीक फाइली असलेल्या लायब्ररींपुढे त्यांची दमछाक होते. विझट्री मात्र एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर असलेली मास्टर फाइल टेबल ही मूळ नोंदवहीच थेट वाचतो, त्यामुळे माझ्या डिस्कचा हिशेब चहाचा पहिला घोट घेईपर्यंत समोर आला. ही नोंदवही वाचण्यासाठी त्याला ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागते, एवढे लक्षात असू द्यावे. डावीकडे आकारमानानुसार उतरत्या क्रमाने फोल्डर आणि खाली रंगीत चौकोनांचा नकाशा अशी मांडणी आहे. त्या नकाशात एक भलामोठा चौकोन दिसला, तो होता एका लायब्ररीच्या डाउनलोड केलेल्या मूळ संकुचित फाइलींचा. लायब्ररी बसवून झाल्यावरही त्या तशाच पडून होत्या, म्हणजे एकाच वाद्यासाठी मी दोनदा जागा मोजत होतो.

काय काढल्याने जागा सुटते, हे मात्र वापरणाऱ्यालाच ठाऊक असावे लागते. कॉन्टॅक्ट या सॅम्पलरची, म्हणजे अशा लायब्ररी वाजवणाऱ्या प्रोग्रामची, एनकेआय फाइल म्हणजे वाद्य नव्हे. कोणती पट्टी किती जोराने दाबल्यावर कोणता ध्वनी वाजवायचा, याची ती केवळ मांडणी असते, म्हणून अशा शंभर फाइली काढूनही हाती फारसे काही लागत नाही. खरे वजन सॅम्पल्स या फोल्डरमधील डब्ल्यूएव्ही किंवा एनसीडब्ल्यू फाइलींचे. पियानोचाच हिशेब मांडून पाहा. ८८ पट्ट्या, प्रत्येकीचे हलक्यापासून जोरकस आघातापर्यंत आठ थर आणि प्रत्येक ध्वनी २० सेकंदांचा धरला, तर २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झच्या स्टिरिओ मुद्रणाला सुमारे ४ जीबी लागतात. तेच तीन मायक्रोफोनजोड्यांनी टिपले की १२ जीबी होतात. एनसीडब्ल्यूमध्ये ध्वनीचा दर्जा न घटवता हा आकार कमी होतो, तरीही आकडा मोठाच राहतो.

विझट्रीमध्ये फोल्डरवर उजवी क्लिक करून तो तिथल्या तिथे काढून टाकता येतो, पण हा मोह आवरावा. कॉन्टॅक्टच्या नोंदणीकृत लायब्ररीची नोंद रजिस्ट्री या विंडोजच्या अंतर्गत नोंदींच्या कोठारात आणि सर्व्हिस सेंटर नावाच्या फोल्डरातील एका एक्सएमएल फाइलीत वेगळी ठेवलेली असते. नुसता फोल्डर उडवला, तर जमीन विकूनही सातबाऱ्यावर जुनेच नाव राहावे तशी गत होते आणि सामान गेले तरी लायब्ररीचे नाव यादीत तसेच राहते. अशा लायब्ररी नेटिव्ह ॲक्सेस या, त्या बसवण्यासाठीच्या प्रोग्राममधूनच काढाव्यात, कारण त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत अनइन्स्टॉलची सोय आहे. परवाना आपल्या खात्यावर कायम राहतो, त्यामुळे पुढे मन बदलल्यास फक्त डाउनलोडचा वेळ द्यावा लागतो. ५० एमबीपीएसच्या जोडणीवर ४० जीबीला सुमारे पावणेदोन तास लागतील. ज्या लायब्ररींची अशी नोंदणीच नसते, त्यांचा फोल्डर काढला की काम संपते.

काम संपते असे म्हटले खरे, पण त्यातच मी फसलो. तबल्याची एक जुनी लायब्ररी मी बेधडक काढली आणि रिसायकल बिनमध्ये ती मावणार नाही, कायमचीच जाईल, या विंडोजच्या इशाऱ्यालाही होकार दिला. एका गायिकेसाठी काळी पाचला जुळवून, चाटेचा नाद थोडा मऊ करून ठेवलेली माझी एनकेआय फाइल त्याच लायब्ररीच्या इन्स्ट्रुमेंट्स फोल्डरमध्ये होती, हे नंतर आठवले. कॉन्टॅक्टमध्ये स्नॅपशॉट म्हणून, म्हणजे फक्त बदललेल्या मांडणीची वेगळी नोंद म्हणून, ती जुळवणी साठवली असती, तर डॉक्युमेंट्समधील यूझर कंटेंट या फोल्डरात सुखरूप राहिली असती. याचा दोष विझट्रीला देता येणार नाही. मात्र कोणती लायब्ररी आपण शेवटची कधी वाजवली, हे तो सांगत नाही. त्यात दिसणारी तारीख फाइल बदलल्याची असते आणि सॅम्पलच्या फाइली कोणी बदलत नाही, त्यामुळे रोजची सतार आणि तीन वर्षे न उघडलेला बॅगपाइप तिथे सारखेच जुने दिसतात.

दुसरी उणीव बाहेरच्या डिस्कवर जाणवते. मॅक आणि विंडोज दोन्हींवर चालावी म्हणून अनेकजण अशी डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करतात. तिथे मास्टर फाइल टेबल नसल्याने विझट्रीलाही इतरांप्रमाणे फोल्डर चाळत बसावे लागते आणि त्याची सारी चपळाई ओसरते. लॅपटॉपच्या आतल्या डिस्कसाठी मात्र मी तो निःशंकपणे सुचवीन.

तबल्यानंतर मी रीत बदलली. संशयित लायब्ररी आधी बाहेरच्या डिस्कवर हलवायची, मग जुने प्रोजेक्ट उघडून कोठे सॅम्पल न सापडल्याची खिडकी येते का ते पाहायचे आणि त्यानंतरच ती काढायची. आतापर्यंत १३८ जीबी जागा मोकळी झाली आहे. ४१ जीबीची कॉयरची लायब्ररी अजून बाहेरच्या डिस्कवर थांबली आहे, कारण गेल्या वर्षीच्या एकांकिकेचे पार्श्वसंगीत उघडून पाहायचे राहिले आहे.