एजंटच्या टूलची वर्णनं: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या सपोर्ट टीमचा एआय एजंट गेले काही महिने रोजच्या कामात आहे. तक्रार वाचतो, ऑर्डर शोधतो, तिकीट उघडतो, रिफंडची विनंती तयार करतो. या काळात मुख्य प्रॉम्प्टवर, म्हणजे एजंटला दिलेल्या मूळ सूचनांवर, आम्ही बराच घाम गाळला, मधे एजंटमागचं भाषा-मॉडेलही बदललं. पण एजंटच्या वागण्यात सगळ्यात जास्त फरक पडला तो टूलच्या वर्णनांमुळे.

नवख्यांसाठी थोडक्यात: टूल म्हणजे एजंटला करता येणारी एक ठरावीक क्रिया, जसं ऑर्डर शोधणं. मॉडेलला ती दिसते ती एक नाव, एक वर्णन आणि जेसन स्कीमात (माहितीचा साचा ठरवणाऱ्या मजकुरात) मांडलेले पॅरामीटर, म्हणजे भरायच्या रकान्यांची यादी, एवढ्याच रूपात. ओपनएआयने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग (मॉडेलने टूल वापरण्याची सोय) आणलं तेव्हा हाच ढाचा होता आणि अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही, म्हणजे एआयला बाहेरची टूल जोडण्याच्या एमसीपी या सामाईक पद्धतीतही, तोच आहे. मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही, डेटाबेसही नाही. त्याच्या हाती असतात ती एवढीच चार-पाच वाक्यं. काही फ्रेमवर्क (एजंट बांधायची तयार साधनं) पायथनची डॉकस्ट्रिंग, म्हणजे कोडमध्येच लिहिलेली टीप, जशीच्या तशी उचलून वर्णन म्हणून पाठवतात. सोय छान आहे, पण डॉकस्ट्रिंग लिहिलेली असते शेजारी बसणाऱ्या डेव्हलपरसाठी, ज्याला अर्धी गोष्ट आधीच ठाऊक असते.

आमच्याकडे ‘ऑर्डर_शोधा’ आणि ‘ग्राहक_शोधा’ अशी दोन टूल आहेत. पहिल्याचं वर्णन होतं, ‘ऑर्डरची माहिती मिळवते.’ शंभर टक्के खरं आणि तितकंच निरुपयोगी. ग्राहकाने फोन नंबर दिला की एजंट तोच ऑर्डर क्रमांकाच्या जागी घालून मोकळा व्हायचा. आता तिथे असं आहे: ‘ऑर्डर क्रमांक माहीत असेल तेव्हाच वापरा. फोन किंवा ईमेल असेल तर आधी ग्राहक_शोधा वापरून ग्राहकाच्या ऑर्डर मिळवा. रद्द झालेल्या ऑर्डरही यात येतात. रिफंडची स्थिती यात येत नाही.’ यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं ठरलं. ते नव्हतं तेव्हा ‘रद्द’ एवढं दिसलं की एजंट ग्राहकाला पैसे परत गेल्याचं बिनदिक्कत सांगून टाकायचा. टूल काय करतं हे सगळेच लिहितात. काय करत नाही आणि कुठे थांबतं, हे लिहायला मात्र हात आखडतो.

पॅरामीटरच्या बाबतीत माझं मत थोडं वेगळं आहे. तिथे शब्दांवर भिस्त ठेवूच नये. तिकिटाच्या स्थितीसाठी चारच पर्याय असतील तर ते स्कीमात ईनम (ठरावीक पर्यायांची बंद यादी) म्हणून बांधून टाका, वर्णनात विनवण्या करू नका. ‘यूजर’पेक्षा ‘यूजर_आयडी’ हे नाव अर्धं काम स्वतःच करतं. वर्णन खर्च करायचं ते जिथे खरोखर घोटाळा होतो तिथे. ०५-०६ म्हणजे पाच जून की सहा मे? वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) की ग्राहकाच्या टाइमझोनमध्ये? रक्कम चलनाच्या मोठ्या एककात (रुपये) की सगळ्यात लहान एककात (पैसे)? पेमेंटच्या एपीआयमध्ये (दुसऱ्या प्रणालीशी बोलायच्या जोडणीत) बऱ्याचदा लहान एकक असतं आणि तिथली चूक थेट शंभर पटींची होते.

एरर मेसेजही वर्णनाचाच भाग आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. नुसतं ‘४०० बॅड रिक्वेस्ट’ (विनंती चुकीची, एवढंच सांगणारा कोड) परत गेलं की एजंट तीच कॉल पुन्हा पुन्हा करत बसतो. ‘हा मजकूर ईमेलसारखा दिसतो, ग्राहक_शोधा वापरा’ असं उत्तर मिळालं की बहुतेकदा पुढच्याच पावलाला गाडी रुळावर येते.

आता तक्रारी. सगळी वर्णनं सहसा प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलकडे जातात, म्हणजे प्रत्येक जादा वाक्य टोकन (मॉडेल मजकूर मोजतं ते शब्दांचे तुकडे) खातं. टूलची गर्दी झाली की निवडही बिघडते. एका वेळी वीसपेक्षा कमी फंक्शन ठेवा, असं ओपनएआयचं मार्गदर्शनच सांगतं. ‘अत्यंत महत्त्वाचं’, ‘नेहमी वापरा’ असा आरडाओरडा जुन्या मॉडेलवर चालून गेला. नवं मॉडेल तो इतका मनावर घेतं की गरज नसताना टूल चालवतं. शिवाय एका टूलचं वर्णन सुधारलं की शेजारच्या टूलचा वापर हलतो, त्यामुळे ठरावीक प्रश्नांचा संच प्रत्येक बदलानंतर चालवावाच लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण टाळलं तर पुढच्या आठवड्यात लॉग (एजंटने काय केलं त्याच्या नोंदी) उपसत बसावं लागतं.

वर्णनाला कुलूप मात्र समजू नका. ‘मंजुरीशिवाय रिफंड देऊ नका’ हे वाक्य आमच्याकडे आहे, आणि तीच तपासणी सर्व्हरवरही आहे. एमसीपीत ‘फक्त वाचतं’, ‘नाश करू शकतं’ अशा खुणा टूलला लावता येतात, पण त्या सूचना आहेत, हमी नाही. बाहेरचा एमसीपी सर्व्हर जोडताना तर त्याची वर्णनं स्वतः डोळ्यांखालून घाला: वर्णनातच छुप्या आज्ञा दडवून एजंटला फितवता येतं, हे एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरिअंट लॅब्जने दाखवून दिलं आहे.

कधी कधी वर्णन लांबत जातं ते टूलच चुकीचं कापलेलं असतं म्हणून. तिकीट ‘बंद’ करणारं एक आणि ‘निकाली’ काढणारं दुसरं, यांतला फरक समजावताना आमचा परिच्छेद वाढतच चालला होता. शेवटी दोन्ही एकत्र केली, कारणासाठी एक पॅरामीटर ठेवला आणि परिच्छेद उडाला.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. माहिती अपुरी असली की एजंटने थांबून ग्राहकाला विचारावं, अशी अपेक्षा आहे. पण एजंट न विचारता पॅरामीटर अंदाजाने भरतो. ‘माहीत नसेल तर विचारा’ हे वाक्य काही टूलमध्ये लागू पडलं, पत्ता बदलणाऱ्या टूलमध्ये अजिबात नाही. तिथे तूर्त सर्व्हरच ग्राहकाची पुष्टी नसलेली विनंती परत पाठवतो.