कुलाब्याची जुनी खोली की ओव्हलजवळची नवी? आमचा निकाल खुंटीनं लावला

आधी कबुली देतो. घर मुलुंडला, लोकलनं तासाभरात व्हीटी, तरी आम्ही नवरा-बायको वर्षातून एकदा मुंबईतच हॉटेलात राहायला जातो आणि तेही ऐन पावसाळ्यात, कारण तेव्हा रेट जरा उतरलेले असतात. सासूबाईंना हा प्रकार अजून पटलेला नाही. तर लग्नाच्या वाढदिवसाला कुठे जावं असं ज्यांच्या डोक्यात चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. दोन्ही बुटीक हॉटेलं, दोन्ही जुन्या इमारतीत, दोन्हीकडे अलीकडेच सगळं रिनोव्हेशन झालेलं आणि भाड्यातही फार फरक नाही. नावं मुद्दाम घेत नाही कारण एकाबद्दल थोडं वाकडं बोलणार आहे. वायफाय, ब्रेकफास्ट, गादी वगैरे दोन्हीकडे चांगलं, त्यात वेळ घालवत नाही.

पहिलं ओव्हल मैदानाच्या बाजूचं. इमारत १९३०च्या दशकातली, आर्ट डेको, गोल वळणाच्या बाल्कन्या आणि खिडक्यांवर लांब आडवे छज्जे. २०१८ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतला तो हाच सगळा पट्टा, एका बाजूला हायकोर्ट-युनिव्हर्सिटीचं गॉथिक आणि मैदानापलीकडे ह्या इमारती. बाहेरून बघत उभं राहावंसं वाटतं. पण आत गेलात की तीसचं दशक जिन्याच्या मोझॅकपाशी संपतं. हेरिटेजच्या नियमात ग्रेड एकच्या इमारतीला आतही सहसा हात लावू देत नाहीत, खालच्या ग्रेडला आतून बरंच काही बदलता येतं, आणि इथे ते पुरेपूर बदललंय. फॉल्स सीलिंग, त्यात लपवलेले दिवे, भिंतभर व्हीनियर म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला, कपाटाला हँडल नाही, नुसतं ढकलायचं. सुंदर आहे हो, खोटं कशाला बोलू. बाथरूम तर आमच्या हॉलएवढी आणि डबल काचेमुळे बाहेरचा एक हॉर्न आत येत नाही. बायको पहिले दोन तास फक्त फोटो काढत होती.

दुसरं कुलाब्याच्या आतल्या गल्लीतलं, शंभरी ओलांडलेल्या इमारतीत. लिफ्ट नाही, लाकडी जिना, कठडा इतका गुळगुळीत झालेला की हात आपोआप सरकत जातो. छत एवढं उंच की पंख्याची दांडीच माणसाएवढी लांब. इथल्या डिझायनरनं जे होतं ते फार न झाकता ठेवलंय, सागाच्या तुळया उघड्या, झडपांच्या खिडक्या दुरुस्त करून परत बसवलेल्या, जमिनीला नक्षीच्या जुन्या सिमेंटच्या फरशा. असल्या फरशा मुंबईत भारत टाइल्सवाले १९२२ पासून काढतायत. त्या भट्टीत भाजत नाहीत, वरच्या थरातच रंग असतो, साच्यात भरून प्रेसखाली दाबायच्या आणि पाण्यात मुरवायच्या. म्हणून कोणी अ‍ॅसिडनं धुतल्या की चमक गेलीच म्हणून समजा. इथे धुतलेल्या नव्हत्या. आणि एक गंमत, पलंगाखाली चप्पल शोधायला वाकलो तर फरशीच्या नक्षीमधून वीतभर रुंदीचा साध्या राखाडी सिमेंटचा पट्टा सरळ भिंतीपर्यंत गेलेला. म्हणजे तिथे कधीतरी भिंत होती, दोन खोल्यांची एक केलीय. तो पट्टा त्यांनी लपवला नाही, बदलला नाही. मला ते भलतंच आवडलं, बायकोच्या मते पैसे संपले असतील.

आता मुद्द्यावर येतो. ओव्हलवाल्या हॉटेलात गेलो तेव्हा चर्चगेटपासून चालत निघालो आणि मैदानापाशी जो पाऊस गाठला तो थेट दारापर्यंत. छत्र्या खाली टोकन देऊन ठेवून घेतल्या, इथवर छान. वर खोलीत आलो, अंगावर ओला रेनकोट, मोजे, हिची ओढणी, आणि लटकवायला एक खुंटी नाही! दाराच्या मागे नाही, बाथरूममध्ये नाही, कुठेच नाही. सगळ्या भिंती स्वच्छ, गुळगुळीत. कपाट ढकलून उघडलं तर हँगर असे की वर आकडाच नाही, नुसता गोळा, जो फक्त त्यांच्याच दांडीतल्या कडीत अडकतो. चोरीची भीती असते म्हणे. म्हणजे हँगर काढून दुसरीकडे अडकवायचीही सोय नाही. शेवटी रेनकोट शॉवरच्या काचेवर टाकला, तो घसरून पडला, ओढणी खुर्चीच्या पाठीवर वाळत घातली तर व्हीनियरवर पांढरा डाग. मग आम्हीच घाबरून तो डाग पुसत बसलो, वाढदिवसाच्या दिवशी! खाली फोन केला तर मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, सर, डिझाइनमध्ये हूक नाहीयेत, लाँड्रीची पिशवी पाठवू का. त्याचा काय दोष.

मुंबईत जून ते सप्टेंबर माणूस ओला असतो हे ज्यानं खोली काढली त्याला कोणी सांगितलं नसावं, किंवा त्यानं खोली फक्त फोटोत कशी दिसेल एवढंच बघितलं असावं, मला आपलं असं वाटतं. खिडकीशेजारी वॉलपेपरलाही एका कोपऱ्यात फुगा आलेला, दाबला की आत दमट लागायचा.

कुलाब्याला पुढच्या वर्षी गेलो तेव्हा मी आत शिरल्या शिरल्या आधी दाराच्या मागे बघितलं. फूट-दीड फूट लांबीची सागाची पट्टी आणि तिच्यावर पाच पितळी खुंट्या, एक जरा वाकडी. रेनकोट, ओढणी, पिशवी, टॉवेल, सगळं लागलं आणि एक उरली. खाली फरशीच असल्यामुळे पाणी टपकलं तरी कोणाला काही नाही, सकाळी पंख्याखाली सगळं सुकलेलं. भिंतीला चुन्याचा गिलावा केलाय असं मॅनेजर सांगत होता, चुना ओल धरतो तशी सोडतोही, सिमेंट आणि वर प्लॅस्टिक पेंट असला की ओल आत कोंडते आणि मग पोपडे येतात. तिथे पोपडा दिसला नाही हे मात्र खरं.

त्रास तिथेही आहेत. बाथरूम खोलीचा कोपरा कापून काढलीय, दोन माणसं एका वेळी उभी राहू शकत नाहीत. वरच्या मजल्यावर कोणी चाललं की तुळया कुरकुरतात, आम्हाला रात्री साडेबाराला वरच्या माणसाची सगळी येजा कळत होती. गुडघे दुखत असतील किंवा आईबाबांना पाठवणार असाल तर सरळ ओव्हलवालं घ्या, लिफ्ट आहे, शांत आहे, आणि डिसेंबरात जाणार असाल तर खुंटीचा प्रश्नच येत नाही. प्रत्येकाची आवड वेगळी, माझं ऐकाच असं नाही.

आमचं यंदाचं ऑगस्टचं बुकिंग कुलाब्याचं झालंय. तुम्ही केलंत तर फोन करून दोन गोष्टी सांगा, खोली मागच्या बाजूची द्या, गल्लीत टॅक्सीवाले पहाटेपासून हॉर्न मारतात, आणि शेवटच्या मजल्यावरची द्या, म्हणजे डोक्यावर कोणी चालणार नाही. जिने चढावे लागतील तेवढे.