गुडघ्यापर्यंतचे कॉम्प्रेशन मोजे, क्लास २ (मध्यम दाबाचे) : पाचपैकी चार तारे

स्टेशनच्या जिन्यावर घसरून अहोंचा घोटा मोडला. प्लास्टर निघालं आणि त्याच पायाची पोटरी टम्म सुजली. डॉपलरमध्ये, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीत, आतल्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. पाय हालत नव्हता, हाड मोडलेलं, वर यांच्या सिगारेटी. डॉक्टर म्हणाले, गुठळीला आणखी काय लागतं! रक्त पातळ करायच्या गोळ्या किमान ३ महिने, आणि सूज, ठणका कमी व्हावा म्हणून हे मोजे.

नौपाड्यातल्या सर्जिकलच्या दुकानात 'लार्ज आहेत का' विचारलं, तर काका म्हणाले, "साइज शर्टाची असते वहिनी. त्यांनाच आणा, सकाळी, सूज चढायच्या आत." दुसऱ्या दिवशी घोट्याच्या वर, भरल्या पोटरीला आणि गुडघ्याखाली लांबीला, अशी टेपने मापं घेतली. मोजा घोट्याशी सगळ्यात घट्ट, वर सैल होत जातो. त्या दाबाने रक्त वर चढतं. अहो वरची पट्टी दुमडायचे. दुमडली की तिथेच दुप्पट आवळतं, सगळा हेतूच बोंबलतो.

घालणं म्हणजे रोजची कुस्ती. मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पावलावर प्लॅस्टिकची पिशवी चढवायची, भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून वर सरकवत न्यायचा आणि बोटांकडच्या उघड्या तोंडातून पिशवी ओढून काढायची. सुरकुती राहिली तर वळ उठतो.

आठवड्याभरात संध्याकाळची सूज दिसण्याइतकी उतरली. शेजारच्या काकू म्हणाल्या, मग आता गोळ्या कशाला? अहो काकू, मोज्याने गुठळी विरघळत नाही! गोळ्याही विरघळवत नाहीत, त्या तिला वाढू देत नाहीत. बाकीचं शरीर सावकाश करतं. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. एकाएकी धाप लागली, छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल गाठा, असं आम्हाला बजावलंय. गोळ्या चालू असताना मनाने ब्रुफेनसारखी दुखण्यावरची गोळीही घ्यायची नाही, रक्तस्राव होऊ शकतो.

मधुमेहाने पायाच्या धमन्या अरुंद झालेल्यांनी मात्र हे परस्पर घेऊ नयेत. आमच्या डॉक्टरांनी आधी पावलावरची नाडी चाचपली होती.

एक तारा कापला तो ठाण्याच्या उकाड्यासाठी. दुपारनंतर पाय नुसता घामेजतो, खाज सुटते. हाताने धुवायचे, पिळायचे नाहीत, सावलीत वाळवायचे. पावसाळ्यात दुसरा जोड लागतोच. काकांकडे दोन जोडांवर थोडी सूट मिळते, मागावी लागते.